दुपारी बाराला तालीम झोपलेली असते

"मी वाळवा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. गेल्या डिसेंबरात आठवी-नववीची सहल कोल्हापूरला नेली. मुलांनी खेळ नुसता शाळेच्या मैदानावर बघू नये, खेळाडू रोज काय करतात तेही बघावं, म्हणून मी हट्टाने त्यात एक तालीम घातली. पार फज्जा उडाला. आम्ही पन्हाळा करून बाराच्या सुमारास पोचलो, तर आत दोन पैलवान झोपलेले, एक मोबाइल बघत बसलेला. वस्ताद नव्हते. मुलं भिंतीला टेकून उभी राहिली. मुलींना उंबऱ्याच्या आतच घेतलं नाही, त्या बाहेर गाडीजवळ थांबल्या. वीस मिनिटांत फोटो काढून सगळे परत गाडीत. यंदा पुन्हा विषय काढला तर मुख्याध्यापक म्हणतात, 'मॅडम, तालमीत काय बघायचंय? त्यापेक्षा कणेरी मठ घ्या.' काही पालक म्हणतात, पोरं पैलवानकीच्या नादाला लागली तर शाळा सोडतील. मला मात्र हा विषय सोडवत नाही. त्या दिवशी गाडीत बसताना नववीतल्या एका मुलाने विचारलं, 'बाई, इथं राहायला किती पैसे लागतात?' त्याला काय सांगावं तेही मला कळलं नाही. पुन्हा जावं का? आणि जायचं तर कसं?"
— एक क्रीडाशिक्षिका

ताई,

जा. जरूर जा. पण गेल्या वर्षी गेलात तशा जाऊ नका.

तुमच्या पत्रातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे: 'बाराच्या सुमारास'. तालमीतला पैलवान पहाटे उठतो. उजाडायच्या आत त्याची मेहनत सुरू झालेली असते. मग अंघोळ, खुराक, जेवण, आणि दुपारी झोप. ती झोप आळसाची नव्हे, व्यायामाइतकीच गरजेची असते. संध्याकाळी चारच्या पुढे पुन्हा जोर-बैठका आणि लढती. तुम्ही बाराला गेलात म्हणजे दुकान बंद असताना बाजार बघायला गेलात. तो मोबाइल बघणारा मुलगासुद्धा बिचारा जागा होता हेच विशेष. मुलांना कंटाळा आला यात मुलांचा दोष नाही, तालमीचाही नाही. वेळापत्रक चुकलं, आणि ते चुकलं पन्हाळ्यामुळे.

म्हणून पहिलं काम कात्रीचं. शाळेची सहल म्हटली की आपण गाडीचं भाडं वसूल करायला निघतो. पन्हाळा, ज्योतिबा, अंबाबाई, नवा राजवाडा, रंकाळा, कणेरी, आणि जमलं तर तालीम. यात तालीम नेहमी उरलेल्या वेळेत बसते. अंबाबाईचं दर्शन ठेवा. त्यावरून मुख्याध्यापकांशी वाद घालण्यात हशील नाही, कोल्हापूरला जाऊन दर्शन न घेता आलेल्या पोराला घरी आजी काय बोलेल हे तुम्हालाही ठाऊक आहे. बाकीचं सगळं काढा. वाळवा तालुका ते कोल्हापूर हे अंतर हायवेने फार तर दीड तासाचं. सकाळी दहाला डबे घेऊन निघालात तर दर्शन, जेवण, खासबागेचं कुस्तीचं मैदान आणि चारला तालीम असा दिवस आरामात बसतो. साडेपाचला तालमीतून निघालात की साडेसातच्या आत सगळे शाळेच्या फाटकाशी. पालकांना ती वेळ आधीच कळवा, मुलींच्या घरच्यांना तर फोन करूनच सांगा.

मुख्याध्यापकांना पटवायचं असेल तर 'क्रीडासंस्कृती' वगैरे शब्द त्यांच्यापुढे टाकू नका, ते परिपत्रकातून रोज वाचतात. त्यांना हिशेब दाखवा. एकाच शहरातली सहल, कमी किलोमीटर, प्रवेशफी जवळजवळ नाही, एक वेळचं जेवण घरच्या डब्यातलं. शाळांच्या सहलीला एसटी सवलतीत गाडी देते, आगारात अर्ज वेळेवर गेला की झालं. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, सोबत आणखी एक शिक्षिका, हे तुम्ही गेल्या वर्षी केलंच असेल, त्यावर मी शब्द घालवत नाही.

आता वस्ताद.

सहलीच्या आठ-दहा दिवस आधी तुम्ही एकट्या, किंवा शाळेतल्या एखाद्या सहकाऱ्याला घेऊन, संध्याकाळच्या वेळी तालमीत जाऊन या. फोनवर भागवू नका. फोनवर कोणीही 'या की मॅडम, कधीपण या' म्हणतो, आणि गेल्या वर्षी तुम्हालाही तसंच म्हटलं असणार. समोर बसून विचारायच्या गोष्टी वेगळ्या असतात. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी? लढती कोणत्या दिवशी जास्त होतात? एका वेळी किती मुलं बसू शकतील? मोबाइलवर चित्रीकरण चालेल का? मुलींचं काय? आणि कोणत्या तारखांना पैलवान गावी किंवा मैदानाला जाणार आहेत? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. दिवाळीत निम्मी तालीम रिकामी असते. माघापासून गावोगावच्या यात्रा लागल्या की पोरं कुस्त्यांच्या मैदानांना पांगतात. दिवाळीनंतर पैलवान परतले की डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस मला सगळ्यांत बरे वाटतात.

१५ जानेवारी तेवढी टाळा. ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या पैलवान खाशाबा जाधवांचा तो जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो, त्यामुळे सहलीला मुहूर्त चांगला असं कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. त्या दिवशी तालमीत फुलांचे हार, पाहुणे आणि भाषणं असतात. मुलांना बघायची आहे ती रोजची मेहनत, आणि ती त्या दिवशी नेमकी थांबलेली असते. त्याच कारणाने तुम्हीही वस्तादांसाठी शाल-श्रीफळ नेऊ नका. सत्कार म्हटला की खुर्च्या मांडाव्या लागतात, पैलवानांना अंगावर शर्ट चढवून उभं राहावं लागतं, कोणीतरी दोन शब्द बोलतं आणि ते दोन शब्द अर्धा तास चालतात. अंग थंड पडलं की त्या दिवशीची मेहनत वाया.

काहीतरी न्यायचंच असेल तर मातीसाठी न्या. हौदातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबाचा रस, कापूर, कडुलिंबाचा पाला असं काय काय मुरवलेलं असतं. प्रत्येक तालमीची पद्धत थोडी निराळी, आणि प्रत्येक वस्तादाला आपलीच खरी वाटते. वस्तादांना विचारा, चालत असेल तर प्रत्येक मुलाने घरून एकेक लिंबू आणायचं. चाळीस लिंबं म्हणजे तालमीच्या उपयोगाची वस्तू. शिवाय ज्या पोराने स्वतःचं लिंबू दिलंय ते मातीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतं. ते लिंबू पिळताना बघायला मिळालं तर फारच उत्तम.

एकावेळी सगळी मुलं आत नेऊ नका. हौदाच्या कडेला पंधरा-वीस जण नीट बसू शकतात, त्यापुढे मागच्याला पुढच्याची मान दिसते. तुमचे दोन गट करा आणि दुसऱ्या गटाला त्या वेळात फुटबॉल दाखवा. तुमच्या तालुक्यातल्या मुलांना याचं नवल वाटेल, पण कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावं फुटबॉलच्या संघांची आहेत. पेठेतली पोरं एकत्र जमायची ती तालमीच्या कट्ट्यावर, तिथूनच संघ उभे राहिले, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी होते तशी महाराष्ट्रात फुटबॉलला क्वचितच कुठे होत असेल. २०१७ साली आपल्या देशात १७ वर्षांखालचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. मात्र मुलांना सामन्याला नेऊ नका, सरावाला न्या. चुरशीच्या सामन्यात ईर्ष्या असते, आरडाओरडा असतो, कधी हमरीतुमरीही होते. शाळेची मुलं घेऊन त्या गर्दीत उभं राहायला मला तरी नको वाटेल. सराव कोणत्या मैदानावर आणि किती वाजता, हे त्या मंडळाच्या प्रशिक्षकाला विचारायचं, तिथेही वस्तादांसारखंच आधी जाऊन. पाऊण तासाने गटांची अदलाबदल.

आता मुलींचा प्रश्न. तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत खुपलेली गोष्ट हीच, की त्या गाडीजवळ उभ्या राहिल्या.

बऱ्याच जुन्या तालमींत बाईने हौदाजवळ जायचं नाही ही रीत आहे. कोणी ब्रह्मचर्याचं कारण सांगतं, कोणी मारुतीचं, कोणी 'पहिल्यापासून तसंच आहे' म्हणतं. ती रीत मला मान्य नाही. पण तिथे चाळीस मुलं घेऊन उभं असताना वस्तादांशी त्यावरून वाद घालावा असंही मी म्हणणार नाही. त्या वादात तुम्ही जिंकलात तरी मुलींना बघायला मिळेल तो वादच. म्हणून हे आधीच्या भेटीत, शांतपणे, सरळ विचारा: 'माझ्या वर्गात मुली आहेत. त्या कट्ट्यावर बसून बघतील. चालेल का?' अलीकडे बऱ्याच ठिकाणी होकार येतो. काही तालमींना मॅटचा हॉल असतो, तिथे अडचण आणखी कमी. संध्याकाळी मॅटवर सराव असेल तर पैलवान कॉश्च्युममध्ये किंवा चड्डी-टीशर्टमध्ये असतात, त्यामुळे लंगोटावरून जी कुजबुज काही पालक करतात तीही मिटते. आणि नकारच आला तर ती तालीम सोडा. मुलगेसुद्धा जाणार नाहीत. मुलगे आत आणि मुली बाहेर, असा धडा शाळेने सहलीचे पैसे घेऊन द्यायचं कारण नाही.

नकार आलाच तर कागल तालुक्यातलं मुरगूड बघा. तिथे मुलींच्या कुस्तीचं चांगलं काम आहे. कोल्हापूरच्या पुढे थोडा प्रवास वाढेल, पण खरं सांगायचं तर मी तुमच्या जागी असते तर होकार येवो वा नकार, मुरगूडचा विचार केला असता. तुमच्याच जिल्ह्यात, सांगलीत, मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि ती जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. तुमच्या आठवीच्या मुलींपैकी किती जणींना हे नाव माहीत आहे, उद्या वर्गात विचारून बघा. मुलग्यांनाही विचारा. मुलीला दुहेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय धरून पाडताना, बघितलेला मुलगा वर्गात मुलींच्या खेळाच्या तासाला हसत नाही, एवढा फायदा मी खात्रीने सांगते.

आत गेल्यावर काय करायचं? चपला-बूट बाहेर, हे मुलांना ठाऊक असतं. आणखी एक गोष्ट गाडीतच सांगून ठेवा. पैलवानांचे कान मोडलेले असतात. मातीत आणि पकडीत कान घासून, दबून आत रक्त साकळतं आणि कान गोळा होऊन कायमचा तसा राहतो. न सांगता नेलंत तर पहिल्या दोन मिनिटांत कोणीतरी फिस्सकन हसणार. आधी सांगितलंत तर तीच मुलं ते कान शोधत बसतात, आणि एखादं धीट पोर विचारतं, 'दादा, दुखलं होतं का?' पैलवान मग खुलतात. आपल्या कानाविषयी बोलायला त्यांना आवडतं, ती त्यांची कमाई असते.

मुलांना 'नीट बघा' म्हणून सोडू नका. नीट बघणं कोणालाच जमत नाही, काय बघायचं ते सांगावं लागतं. पाच-पाच जणांना एकेक काम द्या. पाच जणांनी फक्त पाय बघायचे: लढत सुरू असताना पैलवान उभा कसा राहतो, वजन कोणत्या पायावर, टाच कधी उचलते. पाच जणांनी फक्त वस्तादांचं तोंड बघायचं: ते कोणाला काय ओरडतात, शाबासकी कधी देतात, गप्प कधी बसतात. पाच जणांनी एकच पैलवान धरायचा, शक्यतो सगळ्यांत लहान, आणि तो दमल्यावर काय करतो ते पाहायचं. आणखी पाच जणांनी हौद: माती कोण उकरतं, फावडं कसं चालतं, लढत झाल्यावर माती पुन्हा सारखी कोण करतं. जुन्या तालमीत हे काम नव्या पोरांकडे असतं, आणि माती उकरणं हाच त्यांचा पहिला व्यायाम. कमरेत वाकून ती ओली जड माती अर्धा तास उकरली की खांदे आणि पाठ बोलायला लागतात. मुलांपैकी कोणाला फावडं हातात मिळालं तर दोन मिनिटांत समजेल की पडल्यावर लागू नये म्हणून माती मऊ करायला किती कष्ट पडतात.

परत आल्यावर 'मी पाहिलेली तालीम' असा निबंध लिहून घेऊ नका. कृपा करा. त्यात 'तालमीतील वातावरण अत्यंत प्रसन्न होते' याखेरीज काही येत नाही. पाच जणांच्या गटाने दुसऱ्या गटाला आपण काय पाहिलं ते तोंडी सांगायचं, परतीच्या गाडीतच, ताजं असताना.

मातीत उतरवायचं का? वस्ताद आपणहून म्हणाले आणि स्वतः उभे राहणार असतील तरच. त्यासाठी आदल्या दिवशी नखं कापायची, आणि ज्यांना नायटा किंवा खरूज आहे त्यांनी उतरायचं नाही. हे मुलांसमोर न विचारता तुम्ही एकेकाला बाजूला घेऊन विचारा. कुस्तीत कातडीचे आजार झपाट्याने पसरतात आणि चाळीस पैलवान राहतात त्या ठिकाणी आपण पाहुण्यांनी ते नेऊ नयेत. मुलांची आपसात लढत लावू नका, कितीही आग्रह झाला तरी. बैठका मारून बघा म्हणावं, तेवढ्यानेही दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पैलवानांची आठवण येते.

खासबागेला तालमीच्या आधी जा, पण फार वेळ देऊ नका. कुस्त्या नसताना ते एक रिकामं मैदान आहे आणि रिकाम्या मैदानात नववीची मुलं अर्ध्या तासात क्रिकेट सुरू करतात. त्यांना सगळ्यांत वरच्या पायरीवर बसवा आणि एकाला खाली मधल्या हौदाशी उभं करा. वरून तो पुरता दिसतो, डोक्यापासून पायापर्यंत, कोणाच्या डोक्याआड जात नाही. १९१२ साली पुऱ्या झालेल्या या मैदानाची सगळी रचना त्यासाठी आहे. शाहू महाराज युरोपच्या दौऱ्यात रोमन काळची मोठी प्रेक्षागृहं पाहून आले आणि त्यांनी कुस्तीसाठी तसं मैदान बांधून घेतलं असं सांगतात. मुलांना ते नंतर सांगा, आधी बसून दिसू दे.

आणि तिथे बसल्यावर खाशाबांची गोष्ट सांगा. कराडजवळचं गोळेश्वर तुमच्या मुलांना परकं नाही, कोणाची तरी मावशी तिकडे दिलेली असेलच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा सहावे आले. मातीत वाढलेला हा माणूस तिथे मॅटवर लढत होता. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. हेलसिंकीत खाशाबांनी फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. ज्या जपानी मल्लाशी त्यांची दीर्घ लढत झाली त्या इशीने सुवर्ण नेलं. परतल्यावर बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. मुलांना ही गोष्ट सांगताना मॅटचा मुद्दा ठळक करा, कारण दोन तासांनी तालमीत त्यांना माती आणि मॅट दोन्ही शेजारी शेजारी दिसणार आहेत, आणि 'दोन्ही कशाला?' हा प्रश्न त्यांच्याकडूनच वस्तादांना गेला पाहिजे. वस्ताद मातीची बाजू घेतील. तरुण पैलवान बहुधा मॅटची घेतील. तो वाद मुलांना ऐकू द्या, मध्ये पडू नका.

पालकांच्या भीतीबद्दल. पोरं नादाला लागून शाळा सोडतील हे अगदीच पोकळ नाही. तालमीत राहायला गेलेल्या मुलाची शाळा पातळ होते, हे तुम्हीही आसपास पाहिलं असेल. पण एका संध्याकाळच्या भेटीने शाळा सुटत नाही. उलट वस्तादांनाच मुलांसमोर विचारा, 'इथली किती पोरं कॉलेजात जातात? कुस्ती सुटल्यावर काय करतात?' पोलीस, रेल्वे, सैन्य, साखर कारखान्यातली नोकरी, शेती, आणि काही जणांना काहीच नाही. वस्ताद हे लपवत नाहीत. त्यांच्या तोंडून आलेलं मुलं ऐकतात, आपण सांगितलेलं ऐकत नाहीत.

आणि आता तो नववीतला मुलगा, ज्याला तुम्ही उत्तर देऊ शकला नाहीत. मला वाटतं तुमचं पत्र खरं तर त्याच्यासाठीच आहे.

त्याला किती पैसे लागतात याचा आकडा मी देत नाही, तालमीगणिक तो बदलतो. पण त्याला खर्चाची फोड करून सांगा. राहण्याचा खर्च तसा थोडा असतो. खरा खर्च खुराकाचा. दूध, तूप, बदाम, फळं, आणि मांसाहार करत असेल तर मटण-अंडी. वाढत्या वयाच्या पैलवानाचा महिन्याचा खुराक अनेक शेतकरी घरांत बाकी सगळ्यांच्या खाण्याएवढा होतो. घरी म्हैस असेल तर निम्मा प्रश्न सुटतो, म्हणून जुने वस्ताद नवीन पोर आलं की आधी दुभत्या जनावराची चौकशी करायचे. त्याच्या घरी काय आहे ते तुम्ही एकदा जाऊन बघा.

मग त्याच्या वडिलांशी बोला, आईशीही. नववीच्या मध्यात त्याला कोल्हापुरात राहायला पाठवायची घाई नको. आधी तुमच्या तालुक्यातली तालीम शोधा. वाळव्यासारख्या भागात दोन-चार गावांआड एखादी असतेच, कुठे नीट चालू, कुठे निम्मी बंद. तिथे त्याने वर्षभर घरी राहून पहाटे जावं. थंडीत पहाटे साडेचारला रोज उठून सायकल मारत गेला आणि पावसाळ्यातही गेला, तर पुढचं बोलायचं. बहुतेकांचं मन तीन महिन्यांत निवतं आणि त्यात वाईट काही नाही. टिकला तर दहावी झाल्यावर मोठ्या तालमीचा विचार करा. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली तर राहणं, जेवण, शिकणं आणि सराव एका छपराखाली होतं. तिथे वयाची अट आणि निवड चाचण्या असतात, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात यंदाच जाऊन विचारा, पुढच्या वर्षी कदाचित त्याचं वय निघून गेलेलं असेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, आणि तो या प्रबोधिनीतूनच पुढे आला. वडिलांना हे नाव सांगितलंत तर ते खुर्ची पुढे ओढतील.

एक सावधगिरी. सहलीनंतर एखाद्या अकादमीचा माणूस शाळेत येऊन 'तुमचा हा मुलगा आम्हाला द्या, आत्ता एवढे भरा, पुढचं आम्ही बघतो' म्हणाला तर पालकांनी लगेच पैसे भरू नयेत. आधी तिथे जाऊन, न सांगता, दोनदा बघून यावं. एकदा पहाटे आणि एकदा जेवणाच्या वेळी. पोरांच्या ताटात काय वाढलंय ते दिसलं की बरंच कळतं.

मुरगूड की कोल्हापूर हे ठरलं की मला कळवा. वस्तादांना भेटायला जाताना त्या मुलालाही बरोबर न्या, वडिलांना विचारून. त्याचा प्रश्न त्याने स्वतः त्यांना विचारू दे.